'कमी जोखीम' कोणासाठी? कॅलिफोर्नियाच्या बदामबागांतील कीडनियंत्रणाचा इतिहास

१/
जगातील सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्निया राज्यात पिकतात. अलीकडच्या वर्षांत या बदामांचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक भारत आहे. आपल्याकडे रात्री भिजत घातले जाणारे बदाम बहुतेकदा त्या एका खोऱ्यातून निघून इथवर आलेले असतात. त्यांना किडीपासून वाचवण्यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत काय काय केले गेले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हा या धाग्याचा विषय आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये 'कमी जोखमीची कीटकनाशके' असा एक अधिकृत वर्ग निर्माण केला. हा शब्द सापेक्ष आहे. एखादे रसायन आधीपासून वापरात असलेल्या पर्यायापेक्षा माणसाला, पाण्याला आणि इतर जिवांना कमी घातक असेल, तर ते या वर्गात येऊ शकते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक प्रश्न पडतो : कमी जोखीम, पण कोणासाठी? बदामबागांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. येथे प्रत्येक पिढीने आधीच्यापेक्षा सुरक्षित उपाय शोधला. अनेकदा तो खरोखरच सुरक्षित होता. परंतु धोक्याचा काही भाग दरवेळी अशा ठिकाणी सरकला, जिथे मोजमाप करणारे कोणी नव्हते.

३/
प्रथम भूमी पाहू. अठराव्या शतकात स्पॅनिश धर्मप्रसारकांनी किनाऱ्यालगतच्या आपल्या ठाण्यांत बदाम लावला. परंतु तेथील दमट, गार हवा त्याला मानवली नाही. एकोणिसाव्या शतकात बागा आत, कोरड्या उन्हाळ्याच्या मध्य खोऱ्याकडे सरकल्या. १८७९ च्या सुमारास ए. टी. हॅच या बागाईतदाराने रोपांतून निवडलेली 'नॉनपरेल' ही जात पुढे या धंद्याचा कणा ठरली. तिचे कवच कागदासारखे पातळ, हाताने सहज फुटणारे. ग्राहकाला जी सोय वाटली तीच पुढे किडीलाही सोयीची ठरली, हे या कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

४/
पहिली मोठी धास्ती एका खवले किडीची होती. सॅन होजे गावाच्या परिसरात ती १८७० च्या दशकात दिसली. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर ती आली असावी असे मानले जाते. कीटकशास्त्रज्ञ जॉन हेन्री कॉमस्टॉक यांनी तिला 'पर्निशिओसस', म्हणजे 'विनाशकारी', असे नाव दिले. खोडाला चिकटून रस शोषणारी ही कीड अख्खे झाड वाळवत असे. उपाय सापडला तो मेंढपाळांच्या घरात : मेंढ्यांच्या खरजेवर वापरले जाणारे चुना व गंधकाचे उकळलेले मिश्रण. ते झाडांवर फवारले गेले आणि लागू पडले.

५/
हे यश फार काळ टिकले नाही. १९१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील कीटकशास्त्रज्ञ ए. एल. मेलँडर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते : कीटक फवारण्यांना प्रतिकारक्षम होऊ शकतात का? त्यांनी दाखवले की काही बागांतील खवले कीड चुना-गंधकाच्या नेहमीच्या फवारणीला दाद देईनाशी झाली आहे. कीटकनाशक-प्रतिकाराची ही पहिली नोंद मानली जाते. डीडीटीचे कीटकनाशक गुण कळण्याच्या पंचवीस वर्षे आधीच हा इशारा छापून आला होता.

६/
कॅलिफोर्नियात याच काळात दुसरीही एक परंपरा रुजत होती. १८८८-८९ मध्ये संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या, कापसासारख्या खवले किडीने संपत आल्या होत्या. आल्बर्ट केबेले यांनी ऑस्ट्रेलियातून पाठवलेल्या लाल-काळ्या ढाल किड्याने ती आटोक्यात आणली. किडीचा शत्रू शोधून तिच्यावर सोडणे, ही कल्पना त्यामुळे या राज्यात केवळ पुस्तकी राहिली नाही. तिला विद्यापीठात विभाग मिळाला, अभ्यासक मिळाले. पुढे बदामबागांत या दोन परंपरा एकमेकींना वारंवार भेटतात : एक विष शोधणारी, दुसरी शत्रू शोधणारी.

७/
दुसऱ्या महायुद्धानंतर विषाच्या परंपरेचे पारडे जड झाले. डीडीटी आले. त्यापाठोपाठ पॅराथिऑन आले. हे रसायन १९४० च्या दशकात जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर यांच्या संशोधनातून निघाले. याच श्राडर यांच्या प्रयोगशाळेत त्याआधी 'ताबुन' हा चेतासंस्थेवर घाला घालणारा युद्धवायू सापडला होता. दोन्ही एकाच कुळातली, ऑर्गनोफॉस्फेट. मज्जातंतूंमधील संदेश थांबवणारे विकर ती निकामी करतात. कीटकाचे स्नायू आखडतात आणि तो मरतो. माणसाच्या शरीरातही तेच विकर आहे. बागेत फवारणारा मजूर आणि अळी यांच्यात या विषाच्या दृष्टीने फरक होता तो केवळ मात्रेचा.

८/
याच दशकात बदामाचा आजवरचा मुख्य शत्रू खोऱ्याकडे निघाला होता. ॲरिझोनात १९२१ च्या सुमारास नेव्हल जातीच्या संत्र्यांत एक अळी सापडली. म्हणून तिचे नाव 'नेव्हल ऑरेंजवर्म'. खरे पाहता संत्र्याचे ती फारसे बिघडवत नाही. १९४२ मध्ये ती दक्षिण कॅलिफोर्नियात आढळली आणि काही वर्षांतच मध्य खोऱ्यातील बदाम, अक्रोडांपर्यंत पोहोचली. पातळ कवचाचा नॉनपरेल तिला जणू वाढून ठेवलेले ताटच होते. अळी गर पोखरते, आत विष्ठा व जाळे सोडते. शिवाय पोखरलेल्या गरात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणाऱ्या बुरशीला वाट मिळते.

९/
या अळीचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. बदामाची हिरवी बाह्यसाल जुलैच्या सुमारास फाटते. तोवर नव्या फळात अळीला शिरकाव नसतो. मग हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ती राहते कोठे? मागील हंगामात झाडावरच राहून गेलेल्या, वाळून काळपटलेल्या बदामांत. बागाईतदार त्यांना 'ममी' म्हणतात. अळ्या हिवाळा या ममींत काढतात, वसंतात पतंग होतात आणि नवे फळ तयार नसल्याने पुन्हा ममींवरच अंडी घालतात. दोन हंगामांमधला हा एकमेव पूल. तो तोडला तर अळीची साखळी तुटते.

१०/
परंतु १९५० व ६० च्या दशकांत पूल तोडण्यापेक्षा फवारा मारणे स्वस्त होते. त्याचे परिणाम लवकरच दिसले. उन्हाळ्यात ऑर्गनोफॉस्फेट फवारलेल्या बागांत अचानक कोळ्यांचा उद्रेक होई. पाने रापून गळून पडत. कारण साधे होते. फवाऱ्याने पानांवरचे परभक्षी कोळी मरत, आणि त्यांचे भक्ष्य असलेले उपद्रवी कोळी मोकाट वाढत. मग कोळ्यांसाठी आणखी एक फवारा. एका शत्रूला मारताना दुसरा शत्रू बागाईतदार स्वतःच जन्माला घालत होता.

११/
या चक्राला नाव आणि उत्तर दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार कीटकशास्त्रज्ञांनी : व्हर्नन स्टर्न, रे स्मिथ, रॉबर्ट व्हॅन डेन बॉश आणि केनेथ हेगन. १९५९ मध्ये 'हिल्गार्डिया' या विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी 'एकात्मिक नियंत्रणा'ची संकल्पना मांडली. त्यांचा मूळ अभ्यास लसूणघासावरील माव्याचा होता. परंतु सूत्र सर्वत्र लागू पडणारे होते. कीड दिसली की फवारा, हे चूक. तिच्यामुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होण्याच्या बेतात असेल, तेव्हाच हस्तक्षेप करावा, आणि तोही मित्रकीटकांना राखून. आज आपले कृषी अधिकारी ज्याला 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात, तिचे मूळ या निबंधात आहे. रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ मध्ये आले.

१२/
बदामबागांत या विचाराचे एक विलक्षण रूप १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिसते. बर्कली येथील मार्जोरी हॉय यांनी प्रश्न उलटा केला. फवारे थांबत नसतील, तर फवाऱ्यांतून जगणारे मित्र का घडवू नयेत? पश्चिम अमेरिकेतल्या एका परभक्षी कोळ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी प्रयोगशाळेत कीटकनाशकाच्या माऱ्याखाली निवडल्या, आणि तग धरणारा वंश बदामबागांत सोडला. मेलँडर यांना १९१४ मध्ये जी प्रतिकारक्षमता संकट म्हणून दिसली होती, तीच येथे साधन झाली. १९८५ मध्ये विद्यापीठाने बदामाच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनाची स्वतंत्र पुस्तिकाही काढली.

१३/
आता या कथेतील सर्वांत बोधप्रद वळण. उन्हाळी फवाऱ्याने मित्रकीटक मरतात ना? मग फवारा हिवाळ्यात मारू. झाड निष्पर्ण, सुप्तावस्थेत असते. खवले कीड खोडावर असते, शेंडे पोखरणारी अळी सालीतल्या इवल्याशा घरट्यात झोपलेली असते, कोळ्यांची अंडी फांद्यांवर असतात. आणि बहुसंख्य मित्रकीटक फवाऱ्याच्या माऱ्याबाहेर असतात. खनिज तेलात डायझिनॉनसारखे ऑर्गनोफॉस्फेट मिसळून डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान एकदा फवारले की उन्हाळ्यातले अनेक फवारे वाचतात. १९७० च्या दशकापासून हा सल्ला रूढ झाला. तो देणारे लोक रासायनिक कंपन्यांचे हस्तक नव्हते. एकात्मिक नियंत्रणाच्या परंपरेतूनच तो आला होता आणि बागेपुरता तो बरोबरही होता.

१४/
बागेबाहेर काय होत होते? कॅलिफोर्नियाचे हवामान आपल्या उलट आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणजे फवारणीचे महिने आणि पावसाचे महिने एकच. त्यातच हिवाळ्यात खोऱ्यावर दिवसेंदिवस दाट धुके बसते. १९८७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डी. ई. ग्लॉटफेल्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या धुक्याच्या थेंबांत कीटकनाशके अपेक्षेहून कितीतरी अधिक प्रमाणात साठतात. दोन वर्षांनी आणखी एका अभ्यासात हिवाळी फवारणीच्या काळात बागांत वावरणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या शरीरातही ऑर्गनोफॉस्फेटचा प्रभाव आढळला.

१५/
आणि नद्या. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस झाल्यावर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कॅथरीन कुईव्हिला आणि राज्याच्या जल नियामक मंडळाचे क्रिस्टोफर फो यांनी सॅक्रामेंटो व सॅन होआकिन नद्यांचे पाणी रोज तपासले. डायझिनॉनची लाट बागांकडून नदीत, नदीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडे सरकताना दिसली. त्या पाण्यात त्यांनी पाणपिसवा सोडल्या. हा तांदळाच्या कणीहूनही लहान जीव माशांच्या पिलांचे अन्न आहे. सॅन होआकिनचे पाणी सलग १२ दिवस या जिवाला मारक ठरले. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१६/
येथे थांबून विचार करावा. हिवाळी फवारणी फसली का? मित्रकीटक वाचले, कोळ्यांचे उद्रेक घटले, फवाऱ्यांची संख्या कमी झाली. बागेच्या कुंपणाआत हिशेब केला तर ती यशस्वी होती. कुंपणाबाहेरचा हिशेब वीस वर्षे कोणी ठेवलाच नव्हता, कारण नदी कोणाच्याही खतावणीत नव्हती. इतिहासात अशी अनेक उदाहरणे सापडतात : जे मोजले जात नाही ते घडत नाही असे समजून निर्णय घेतले जातात.

१७/
सुदैवाने याच सुमारास मोजमापाचे एक मोठे साधन उभे राहिले होते. १९९० पासून कॅलिफोर्नियात शेतीतील कीटकनाशकांच्या प्रत्येक वापराची नोंद बंधनकारक झाली : कोणते रसायन, किती, कोणत्या पिकावर, कोणत्या जागी, कोणत्या तारखेला. या नोंदी जिल्हा कृषी आयुक्तांकडे जातात आणि राज्य त्या प्रसिद्ध करते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला पेशवे दप्तराचे जे मोल, तेच शेतीच्या पर्यावरणीय इतिहासाच्या अभ्यासकाला या दप्तराचे. राजांच्या आज्ञांबरोबर गावोगावच्या जमाखर्चाची पानेही हाती लागावीत, तसे हे आहे. या धाग्यातील पुढचा बराच भाग त्या नोंदींशिवाय कोणाला लिहिता आला नसता.

१८/
बदलाची ठिणगी मात्र विद्यापीठात पडली नाही. मर्सेड जिल्ह्यात दोन भाऊ बदाम पिकवत. एकाची बाग नेहमीच्या रासायनिक पद्धतीची; दुसऱ्याने सेंद्रिय पद्धत धरली होती. जिल्ह्याचे कृषी सल्लागार लॉनी हेंड्रिक्स यांनी दोन्ही बागांची तुलना सुरू केली. अपेक्षा अशी, की न फवारलेल्या बागेत अळी माजेल. तसे झाले नाही; किडका माल दोन्हीकडे जवळपास सारखाच निघाला. झाडांच्या ओळींमधील आच्छादन पिकांत मित्रकीटकांची गर्दी होती. त्यांच्या चाचण्यांचा वृत्तांत १९९५ मध्ये विद्यापीठाच्या 'कॅलिफोर्निया ॲग्रिकल्चर'मध्ये आला.

१९/
या निरीक्षणावर १९९३ मध्ये एक उपक्रम उभा राहिला : 'बायॉस', म्हणजे जैविक दृष्ट्या एकात्म बागपद्धती. छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनेने तो चालवला. त्याची रीत साधी होती. बागाईतदार, कृषी सल्लागार आणि शास्त्रज्ञ एकत्र एखाद्या बागेत फिरत, पाने उलटून पाहत, सापळे मोजत आणि त्या बागेपुरता निर्णय घेत. विद्यापीठाने सांगावे आणि शेतकऱ्याने ऐकावे, ही उतरंड येथे सपाट झाली. हिवाळी ऑर्गनोफॉस्फेट फवारणी गाळता येते, हे शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याच्या बागेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आणि त्या पाहण्याला अहवालाहून अधिक वजन होते.

२०/
१९९६ मध्ये अमेरिकी संसदेने 'अन्न गुणवत्ता संरक्षण कायदा' केला. लहान मुलांच्या शरीरात अन्न, पाणी व घर अशा सर्व मार्गांनी जाणाऱ्या विषाचा एकत्रित हिशेब करणे त्याने बंधनकारक केले, आणि ऑर्गनोफॉस्फेट प्रथमच एक कूळ म्हणून तपासणीखाली आली. बदाम उद्योगाला वाऱ्याची दिशा कळली. १९९८ मध्ये राज्याचा कीटकनाशक विभाग, बदाम मंडळ आणि विद्यापीठ यांनी मिळून कमी जोखमीच्या पद्धती मोठ्या बागांत तपासणारी आघाडी उभी केली. बंडखोर वाटणारी गोष्ट पाच वर्षांत राजमान्य झाली होती.

२१/
नवी साधनेही हाती आली. स्पिनोसॅड हे द्रव्य १९८२ मध्ये कॅरिबियन बेटावरील एका बंद पडलेल्या रम-भट्टीच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले. १९९७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मेथॉक्सीफेनोझाइड अळीला अवेळी कात टाकायला लावते. सस्तन प्राण्यांत कात टाकण्याची क्रियाच नसल्याने त्यांना ते फारसे बाधत नाही. शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी फुलोऱ्याच्या काळात बीटी जिवाणूची फवारणी आली. मादी पतंगाचा गंध १९७९ मध्ये अंशतः उलगडला आणि पुढे तो बागभर पसरवून नरांना चकवण्याची पद्धत निघाली : नर शोधत राहतो, मादी सापडत नाही, मीलन होत नाही. कामगंध सापळ्यांचेच हे मोठे भावंड.

२२/
मग सारे सुरळीत झाले का? २००० मध्ये लिन एपस्टीन, सुझन बासीन आणि फ्रँक झालोम यांनी त्या राज्यव्यापी नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हिवाळी ऑर्गनोफॉस्फेट खरोखरच घटली होती. काही बागाईतदारांनी फवारणी सोडली होती, काहींनी बीटी धरले होते; परंतु अनेकजण पायरेथ्रॉइड या दुसऱ्या स्वस्त कुळाकडे वळले होते. पायरेथ्रॉइड पाण्यात फारसे विरघळत नाहीत, म्हणून नदीच्या पाण्याचे नमुने सुधारले. ते गाळाला चिकटतात. २००४ मध्ये डोनाल्ड वेस्टन आणि सहकाऱ्यांनी खोऱ्यातील ओढ्या-कालव्यांच्या तळाचा गाळ तपासला, तेव्हा कित्येक ठिकाणी तो तळातील सूक्ष्म कवचधारी जिवांना घातक आढळला आणि त्यामागे बहुधा पायरेथ्रॉइड होते. धोका पाण्यातून तळाशी बसला होता.

२३/
प्रतिकारक्षमतेनेही पुन्हा डोके वर काढले. आखाती व युरोपीय बाजारांत किडका माल खपत नाही. त्यातच अफ्लाटॉक्सिनमुळे युरोपीय संघाने २००७ मध्ये अमेरिकी बदामांवर विशेष तपासणी लादली. साहजिकच एकही अळी नको, असा दबाव वाढला आणि बायफेंथ्रिन या पायरेथ्रॉइडचे फवारे वाढले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कर्न जिल्ह्यातील अळ्यांत त्या रसायनाला प्रतिकार निर्माण झाल्याचे दाखवले. मेलँडर यांच्या प्रश्नाला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.

२४/
मधमाशांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बदामाला परपरागीकरण लागते. फेब्रुवारीत फुलोरा येतो तेव्हा अमेरिकेतील निम्म्याहून अधिक व्यावसायिक पोळी ट्रकांतून या खोऱ्यात आणली जातात. २०१४ च्या हंगामात मधपाळांना हजारो पोळ्यांत मेलेली पिल्ले आढळली. पुढे २०१९ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की कमी जोखमीचे म्हणून मान्य असलेले क्लोरँट्रॅनिलिप्रोल एका बुरशीनाशकाबरोबर मिसळले असता मधमाशीच्या अळ्यांना बरेच अधिक घातक ठरते. दोन्ही द्रव्यांची स्वतंत्र परीक्षा झाली होती. बागेत मात्र ती एकाच टाकीत मिसळली जात होती, आणि त्या टाकीची परीक्षा कोणी घेतली नव्हती. २०१४ अखेर बदाम मंडळाने मधमाशांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा भर फुलोऱ्यात कीटकनाशके टाळण्यावर होता.

२५/
या सर्व घडामोडींत एक उपाय अखंड टिकून राहिला : ममी पाडणे. अभ्यासकांनी १९७० व ८० च्या दशकांत तो नीट मोजून मांडला. जानेवारी संपण्याआधी झाड यंत्राने हलवावे, उरलेले बदाम माणसांनी लांब काठ्यांनी पाडावेत, झाडामागे दोनांहून कमी ममी राहाव्यात आणि पडलेला माल वसंतापूर्वी दळून नष्ट करावा. यात विष नाही, प्रतिकारक्षमता नाही, नदीत काही वाहून जात नाही. मजुरी मात्र आहे. थंडी-धुक्यात मान वर करून दिवसभर काठी चालवणारे हे मजूर बहुतेक मेक्सिकोतून आलेले असतात. कीटकनाशकाच्या नोंदवहीत प्रत्येक लिटरची नोंद असते. काठीच्या फटक्यांची नोंद ठेवणारी वही अजून निघालेली नाही.

२६/
१९९० च्या दशकाच्या मध्यास फळधारणा करणाऱ्या बदामबागा चार लाख एकरांच्या आसपास होत्या. २०२० च्या दशकात त्या तेरा लाखांवर गेल्या. या दशकात भाव कोसळले. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तुफान पाऊस झाल्याने बागांत शिरता आले नाही, आणि पैशांअभावी अनेकांनी ममी पाडल्याही नाहीत. काही बागा तर सोडून दिल्या गेल्या. २०२३ च्या पिकात अळीची हानी लक्षणीय वाढली. सर्व आधुनिक रसायने बाजारात हजर असताना ती वाढली. कारण पूल शाबूत राहिला होता. आणि शेजारची बाग ओसाड असेल, तर आपल्या बागेतली काठीही अपुरी पडते. पतंगाला सातबारा कळत नाही.

२७/
मग या इतिहासातून निष्कर्ष काय काढावा? 'सारे उपाय व्यर्थ' असा मुळीच नाही. पॅराथिऑनचे बागांतील उपयोग १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाले. क्लोरपायरिफॉसचा वापर कॅलिफोर्नियाने २०२० अखेर जवळजवळ संपवला. आज खोऱ्यात फवारणी करणारा मजूर त्याच्या आजोबांपेक्षा निश्चितच कमी विषारी द्रव्य हाताळतो. ही खरी प्रगती आहे, आणि ती लढून मिळवलेली आहे. परंतु तिचा प्रत्येक टप्पा एखाद्या नव्या मोजमापाने सुरू झालेला दिसतो. कोणी धुके गाळले, कोणी पाणपिसवा मोजल्या, कोणी गाळ उपसला, कोणी दोन भावांच्या बागांतले किडके बदाम फोडून पाहिले.

२८/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या पाकिटावर, अहवालात किंवा जाहिरातीत 'सुरक्षित', 'हरित', 'कमी जोखीम' असे शब्द दिसले, तर त्यांना लगेच खोटे ठरवू नये आणि लगेच मानही डोलावू नये. इतिहासाचा अभ्यासक कागद हाती आल्यावर जे प्रश्न विचारतो तेच येथे विचारावेत : ही नोंद कोणी केली? कशाशी तुलना करून केली? आणि ज्यांच्यावर परिणाम होणार आहे, त्यांपैकी कोणाची नोंद या कागदात नाही? बदामाच्या बागेत ही यादी काळाबरोबर बदलत गेली : कोळी, ससाणे, पाणपिसवा, गाळातले जीव, मधमाशा. काठी चालवणाऱ्या माणसाचे नाव त्या यादीत अजून यायचे आहे.

धागा समाप्त. शेती आणि पर्यावरणाच्या इतिहासातील आणखी कोणत्या विषयावर वाचायला आवडेल, ते खाली जरूर कळवावे.